जावळीच्या रानातील नवे रक्त

जावळीतील मेढ्याच्या पश्चिमेस उभी असलेली डोंगररांग ओलांडली म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आणि त्यापलीकडे वासोट्याचे ते निबिड अरण्य दृष्टीस पडते, ज्याचा समावेश 2010 साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात झाला. परंतु या रानाचे भवितव्य ज्या मसलतींत ठरत गेले, त्या येथून फार दूर झाल्या. 1969 साली दिल्लीस निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाची दहावी साधारण सभा भरली, तीत वाघाच्या ऱ्हासाची गंभीर दखल घेतली गेली, आणि लगोलग शिकारबंदी, 1972 चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा व 1973 चा व्याघ्रप्रकल्प असे एकामागून एक हुकूम निघाले.

तेव्हाची चिंता केवळ मोजदादीची होती. पुढे आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी तीत रक्ताचा प्रश्न घातला. गावचा वळू वेळच्यावेळी बदलावा, हे कुणब्यास सांगावे लागत नाही. पण वाघाला तो कोण बदलून देणार? अमेरिकेत असा प्रयोग झाला आहे. फ्लोरिडातील पूमा पंचवीसतीसच्या घरात उरले, आपसांतच त्यांची वीण होत राहिली, आणि शेपटीस वाक, हृदयात दोष, नरांचे वृषण उदरातच अडकलेले, अशी दैन्यावस्था पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. अनेक शास्त्रज्ञांच्या वादविवादानंतर 1995 साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. संकरित पिल्ले सशक्त निघाली आणि संख्या काही वर्षांत तिपटीच्या आसपास गेली.

सह्याद्रीत तर वाघ जवळजवळ नामशेषच झाला होता. 2023 च्या अखेरीस राधानगरीकडून एक नर आपणहून आला, ही मोठी आशेची गोष्ट; तथापि एकट्या नराने वंश चालत नाही, म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाच्या मुलखातील एक वाघीण याच व्याघ्रप्रकल्पातील चांदोलीत आणली गेली. सपाट सागवानी रानात वाढलेल्या जनावरास मुसळधार पाऊस, उभे कडे आणि गवा-सांबरांची शिकार मानवेल काय, हे तिच्या वावरावरून आणि विष्ठेतून मिळणाऱ्या जनुकांवरून कळेल.

माझे मत विचाराल, तर याविषयीची पुढील परिषद मेढ्यास भरवावी आणि धरणापायी ज्यांची गावे उठली, त्यांच्या वारसांस तीत मानाने बोलवावे. कारण बाहेरून आणलेली वाघीण ही तात्पुरती तजवीज आहे, रक्ताची कायमची ये-जा राधानगरी, तिळारी आणि कर्नाटकातील काळी व्याघ्रप्रकल्पापर्यंतची वाट मोकळी राहील तरच चालेल, आणि ती वाट सरकारी दप्तरातील नकाशापेक्षा लोकांच्या शिवारांतून अधिक जाते.