सरहद्दीचे नियम (भाग ५) : दिवस मोजणारा शिक्का

ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर सीमेवर नवी चौकी उभी राहिली, असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण मागच्या भागात पाहिलं, की आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या शेंगेन क्षेत्रात ब्रिटन कधी नव्हताच. संघात असतानाही डोव्हरला पासपोर्ट दाखवावाच लागे. बदलले ते खिडकीतल्या अधिकाऱ्याचे अधिकार. पूर्वी कागद खरा आहे आणि माणूस तोच आहे एवढं पटलं, की त्याला सोडावंच लागे. कशाला आलात, कुठे उतरणार, खर्चाला पैसे किती, हे विचारायची सोय नव्हती. ३१ डिसेंबर २०२० ला संघ सोडल्यानंतरचा संक्रमणकाळ संपला आणि हे सगळे प्रश्न रीतसर झाले.

मुक्कामाचे दिवसही मोजले जाऊ लागले. ब्रिटिश माणसाला आता शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि त्यात येण्याजाण्याचे दिवसही धरतात. स्पेनमध्ये घर घेऊन थंडी तिकडे काढणाऱ्या पेन्शनरांची यात पंचाईत झाली. १ नोव्हेंबरला गेलेल्याचे ९० दिवस २९ जानेवारीला भरतात. लांब मुक्कामाचा वेगळा व्हिसा काढला नसेल, तर एप्रिल सरत येईपर्यंत त्याला स्वतःच्या घराचं कुलूप उघडता येत नाही. घरपट्टी मात्र बारा महिन्यांची!

दिवस मोजायचे तर शिक्का हवा. डोव्हरला फ्रेंच पोलीस ब्रिटनच्याच भूमीवर तपासणी करतात. मोटारीत पाच जण असले तर पाच पासपोर्ट, प्रत्येकाची पानं उलटून जुन्या तारखा बघायच्या, मग नवा शिक्का. जुलै २०२२ मध्ये सुट्टीला निघालेली कुटुंबं तिथे तासन्‌तास अडकली आणि दोन्ही देशांचे पुढारी एकमेकांवर खापर फोडत बसले. फ्रेंचांची माणसं कमी पडली होती हे खरं, पण शिक्क्याचं काम ब्रिटननेच ओढवून घेतलं होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो टप्प्याटप्प्याने आले. ब्रिटननेही २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय पाहुण्यांना ऑनलाइन पूर्वपरवानगी सक्तीची केली.

भारतीय पासपोर्टवाल्याला यातलं फारसं जाणवलं नाही. त्याला ब्रिटनचा आणि शेंगेनचा व्हिसा आधीही वेगवेगळाच काढावा लागे. झळ बसली ती गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार पोर्तुगालऐवजी थेट स्विंडन, साउथॉल गाठत. २०२० संपण्याआधी तिथे राहायला गेलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपला हक्क राखता आला. २०२० नंतर निघालेल्या धाकट्या भावाकडे पासपोर्ट तोच असला, तरी त्याला आता कामाचा व्हिसा हवा, म्हणजे आधी तिकडची नोकरी आणि इंग्रजीची परीक्षा.

(पुढील आठवड्यात : ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सीमेवर पासपोर्ट आजही का विचारत नाहीत?)