निराळी मने आणि कामाची जागा

गुरे एका अरुंद वाटेने पुढे सरकत असतात आणि एकाएकी थबकतात. मागून कितीही हाकारले तरी ती पाऊल उचलीत नाहीत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९७० नंतरच्या दशकात टेंपल ग्रँडिन या तरुण स्त्रीने या अडचणीचा शोध घेतला, तो स्वतः त्या वाटेत उतरून आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून. कोठे लोंबणारी साखळी हलत होती, कोठे कुंपणावर कोट टाकलेला होता, तर कोठे जमिनीवर गडद सावली पडली होती. तेथे नित्य राबणाऱ्या अनुभवी माणसांच्या नजरेतून नेमक्या याच गोष्टी सुटल्या होत्या.

ग्रँडिन यांचा जन्म १९४७ चा. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. स्वमग्नता ही त्यांची उपजत अवस्था. शब्दांऐवजी चित्रांतून विचार चालणे आणि मोठा आवाज असह्य होणे, ही तिची लक्षणे त्यांनी स्वतःच वर्णिली आहेत. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यापुढे खोडा असतो, तशा साधनात जनावर शांत होते हे पाहून त्यांनी स्वतःसाठीही तसेच एक यंत्र बनविले होते. मुलाखतीत आपली छाप पडत नाही हे ओळखून त्या आपले आराखडे पुढे ठेवीत. काम मिळे ते आराखड्यांवर. एका वरिष्ठाने त्यांच्या अस्वच्छतेविषयी त्यांना तोंडावर सुनावले होते. इतरांना हे कठोर वाटेल. त्यांना मात्र सूचक बोलण्यापेक्षा स्पष्ट शब्दच समजत, आणि पुढे त्यांनी त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली. उत्तर अमेरिकेतील जवळजवळ निम्मी गुरे पुढे त्यांनी आखलेल्या सामग्रीतून हाताळली जाऊ लागली. १९८६ साली त्यांनी आपली हकीकत पुस्तकरूपाने मांडली. तोवर या अवस्थेविषयी बहुधा डॉक्टर आणि पालकच लिहीत असत.

आपल्या कार्यालयांतही अशी माणसे असतात. नजरेला नजर न देणारा कर्मचारी उद्धट ठरतो. तोंडी दिलेल्या चार सूचनांपैकी दोन विसरणारा कामचुकार ठरतो. अक्षरांची उलटापालट करणाऱ्याच्या बुद्धीविषयीच शंका घेतली जाते. गोपनीय अहवालातील एका शेऱ्याने त्याची अनेक वर्षे वाया जाऊ शकतात, आणि दोष स्वभावाचा की कामाच्या रचनेचा, हे कोणी तपासलेले नसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही तपासणी आस्थापनेच्या कर्तव्यात आणली आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. या अधिनियमात एकवीस असून स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. शासकीय आस्थापनांतील किमान चार टक्के जागा राखीव आहेत. कलम २० अन्वये दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी देणे शासकीय आस्थापनेवर बंधनकारक असून केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येत नाही. अवधान टिकण्यातील अडचण, म्हणजे एडीएचडी, मात्र या अनुसूचीत स्वतंत्रपणे नाही.

सोय कोणती, हे कोणी ठरवावयाचे? लेखनात हाताला पेटके येणाऱ्या, नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवारास लेखनिक नाकारण्यात आला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी उमेदवाराच्या बाजूने निर्णय दिला. सोय ही ज्याची त्याची निराळी असते आणि ती संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून ठरवावी, अशी न्यायालयाची भूमिका आहे.

या विचारविनिमयातून निघणाऱ्या गोष्टी पुष्कळदा अगदी साध्या असतात. सूचना लेखी द्यावी. एका वेळी एकच काम आणि त्याची मुदत सांगावी. मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहावा. लुकलुकणारी ट्यूबलाइट एखाद्याला दिवसभर छळीत असते. त्याचे टेबल खिडकीशी हलविण्यास कोणतीही मंजुरी लागत नाही. ते हलवावे की नाही, हे मात्र त्यालाच विचारावे लागते.