बँड सुटल्यावर : रेमो फर्नांडिस यांच्या घरगुती ध्वनिफिती

गेल्या पावसाळ्यात म्हापशाच्या घरातलं कपाट आवरताना ‘गोअन क्रेझी’ची जुनी कॅसेट हाती लागली. टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर गाणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायला लागलं. निम्मं आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यामुळे आधी स्क्रू काढून आत बघितलं. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा चिमुकला तुकडा डिंक सुकून गळून पडला होता. तो चिकटवला आणि आवाज परत आला.

आमच्या मंडळाच्या लेखांत बहुधा शिलालेख, देवळांचे कागद, जुनी घराणी येतात. इंग्रजीत गाणाऱ्या गायकाचं इथे काय काम, असं कुणी विचारील. माझं म्हणणं एवढंच की, ही कॅसेटसुद्धा गोव्याच्या इतिहासाचा कागदच आहे, फक्त चुंबकीय भाषेत लिहिलेला. तो कसा लिहिला गेला हे समजलं, तर तो का जपायचा हेही कळेल.

रेमोंचा जन्म १९५३चा, पणजीतला. साठच्या दशकात गिटार घेऊन चार पोरांनी बँड काढायचा, ही लाट पणजीतही आली होती. शाळेत असतानाच ते ‘बीट फोर’ नावाच्या बँडमध्ये होते. पुढे वास्तुशास्त्र शिकायला मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात गेले आणि शिकता शिकता ‘द सॅव्हेजेस’ या तिथल्या नावाजलेल्या बँडमध्ये गायले. त्यानंतर युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती झाली. फ्रान्समध्ये एका बँडबरोबर ध्वनिमुद्रणही केलं. म्हणजे गोव्यात परतून शिवोलीच्या घरात बसले, तेव्हा बँडमधल्या कामाचा चांगला दीड दशकाचा अनुभव गाठीशी होता.

अडचण वेगळीच होती. गाणी इंग्रजी, पण विषय इथले. मुंबईच्या कंपन्यांना त्यात धंदा दिसेना. त्यात कंपन्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. तबकडी काढायची म्हणजे आधी धातूचा साचा लागतो, मग दाबयंत्र लागतं. थोड्याच प्रती काढल्या तर साच्याचा खर्चसुद्धा निघत नाही. त्यामुळे हजारोंनी खपेल तेच गाणं तबकडीवर जाई. बार्देशातल्या माणसाने गोव्याविषयी इंग्रजीत केलेलं गाणं या हिशेबात बसत नव्हतं.

हा हिशेब बदलला तो कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने ती १९६३मध्ये आणली. भारतात ती खऱ्या अर्थाने पसरली ऐंशीच्या दशकात. कॅसेटला साचा लागत नाही, एकीवरून दुसरी उतरवायची. पन्नास प्रती काढा, खपल्या तर आणखी पन्नास काढा. पण हा झाला प्रती काढण्याचा भाग. मूळ ध्वनिमुद्रणाला तरी स्टुडिओ हवाच ना? तिथे दुसरं यंत्र कामाला आलं.

१९७९मध्ये टीॲक या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. साध्या कॅसेटची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर चार समांतर ट्रॅक असतात, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. म्हणून तर आपण कॅसेट उलटी करायचो. पोर्टास्टुडिओ हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतो आणि फीत दुप्पट वेगाने पळवतो. साठ मिनिटांच्या कॅसेटवर त्यामुळे पंधराच मिनिटं मावतात, पण प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र भरता येतो. आधी ताल भरा, मग तो कानात ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर बास, तिसऱ्यावर गिटार.

चौथा ट्रॅक मात्र रिकामाच ठेवायचा. पहिले तीन एकत्र करून त्याच्यावर उतरवले की ते तीन पुन्हा मोकळे. मग त्यांच्यावर बासरी, गळा, गळ्याला साथ देणारा दुसरा गळा. चार ट्रॅकांच्या यंत्रावर सहा-सात वाद्यांचा ताफा उभा राहतो तो असा.

याची किंमत असते. एकदा तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवून वर नवं भरलं की मागे जाता येत नाही. बास जरा मोठा झाला? आता तो तसाच राहणार. प्रत्येक उतरवणीला फितीची सळसळही वाढते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पहिला ट्रॅक. बँडमध्ये चौघं एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून लय सांभाळतात, एक घसरला तर दुसरा सावरतो. इथे सावरायला कुणी नाही. जे वाद्य अजून वाजलेलंच नाही, त्याच्यासाठी जागा सोडून आज वाजवायचं.

रेमोंनी ‘गोअन क्रेझी’ अशाच चार ट्रॅकांच्या कॅसेटयंत्रावर, घरी भरली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्यं त्यांनीच वाजवलेली, सगळे गळे त्यांचेच, मुखपृष्ठाचं चित्रही त्यांचंच. कॅसेट १९८४मध्ये निघाली आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवरून त्यांनीच ती दुकानोदुकानी पोचवली. ‘एकल गायक’ म्हटलं की आपल्याला बँडमधून बाहेर पडलेला एक गळा आठवतो. इथे माणसाने बँड सोडला आणि अख्खा बँड स्वतःच व्हायला लागला.

पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आली, तीही घरीच भरलेली. गोव्याची जुनी कोंकणी आणि पोर्तुगीज गाणी त्यांनी गिटारच्या साथीत नव्याने मांडली. मांडो आणि दुल्पदं लग्नघरात, अंगणात ऐकलेली, ती आता बाजारच्या टेपवर वाजू लागली. त्याच १९८५ साली श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ आला. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या गोव्याची ती गोष्ट. तिच्यात रेमोंचा गळा होता.

मग मोठ्या कंपन्यांची दारं उघडली. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) अमली पदार्थांच्या विरोधात, ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) मुंबईवर. त्याच वर्षी ‘जलवा’ चित्रपटाचं शीर्षकगीत गाजलं. गोव्यातल्या एका जाहीर समारंभात पंतप्रधान राजीव गांधी समोर बसलेले असताना त्यांनी राज्याच्या तक्रारी गाण्यातून सांगितल्या. इथले काही पुढारी रागावले, खुद्द पंतप्रधानांनी मात्र पत्र पाठवून कौतुक केलं. १९९५मध्ये ‘बॉम्बे’तल्या ‘हम्मा हम्मा’ने तो आवाज देशभर पोचला. २००७मध्ये पद्मश्री मिळाली.

चित्रपटाची गाणी कुठेही जाणार नाहीत, त्यांना कंपन्या आहेत. काळजी आहे ती घरी भरलेल्या फितींची. आपल्याकडे १९५४चा ग्रंथदेय कायदा आहे. त्यानुसार छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, १९५६पासून वृत्तपत्रंही त्यात आली. ध्वनिफिती त्यात नाहीत. म्हणजे त्या काळात कुणी आठ पानी आरतीसंग्रह छापला असेल, तर त्याची प्रत जपायची सोय सरकारने केलेली आहे, स्कूटरवरून विकलेल्या कॅसेटची नाही. ती फक्त तुमच्या-माझ्या कपाटात आहे.

आणि त्या कपाटात रेमो एकटे नाहीत. शेजारीच आजोबांच्या भजनाची टेप असते, देवळाच्या उत्सवातली घुमटआरती असते, कुणाच्या तियात्राची गाणी असतात. घुमट मांडोलाही लागतो आणि आमच्या आरतीलाही. फीतही तशीच, ती दोघांची एकाच वेगाने खराब होते.

म्हणून थोडं कामाचं. जुनी कॅसेट लगेच वाजवू नका. आधी एकदा टोकापासून टोकापर्यंत पुढे-मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. फेल्टचा तुकडा जागेवर आहे का बघा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. संगणकावर उतरवताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झ. वेष्टनाचा, त्यावरच्या हस्ताक्षराचा फोटो काढा. कोण गातंय, कुठे, कधी, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर लिहून घ्या. आणि प्रकाशित कॅसेटची प्रत इंटरनेटवर चढवू नका. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे साठ वर्षांचा आहे, म्हणजे १९८४च्या कॅसेटचा हक्क २०४४ अखेरपर्यंत चालतो. आपलं काम जपण्याचं, वाटण्याचं नाही.

मी माझी ‘गोअन क्रेझी’ उतरवून ठेवली आहे. दुरुस्तीला लागला तो फेल्टचा एक तुकडा आणि थेंबभर डिंक. आता कपाटातल्या खालच्या खणात भजनाच्या अकरा टेप उरल्या आहेत. एकीवरही नाव नाही. कोणता आवाज कुणाचा हे सांगू शकेल अशी एकच आत्या आहे, ती ब्याऐंशी वर्षांची. येत्या रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडे जायचं ठरवलं आहे.