मास्टर वेगळा, वाटायची प्रत वेगळी

नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट 2000 साली व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाला. टेपच्या त्या जमान्यात प्रतीवरून प्रत काढली की चित्र पुसट व्हायचं, रंग फिसकटायचे. आता संकलन संगणकावर होतं, तरी झीज थांबलेली नाही. एच.264 सारख्या पद्धतीनं दाबलेली फाइल पुन्हा उघडून एक्स्पोर्ट केली, की दर खेपेला थोडा तपशील गळतो. अंधारातल्या आणि धुराच्या दृश्यांत तो आधी जाणवतो. म्हणून संकलन संपताच थेट टाइमलाइनवरून प्रोरेस 422 एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये मास्टर, म्हणजे जपून ठेवायची मूळ प्रत, काढावा. रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट टाइमलाइनचाच ठेवावा, आवाज न दाबता पीसीएममध्ये घ्यावा.

यावर पहिला आक्षेप जागेचा. 1080पी, सेकंदाला 25 फ्रेमचा तासाभराचा असा मास्टर सुमारे 83 जीबी खातो, हे खरं. पण सॉफ्टवेअर बदललं की जुनी प्रोजेक्ट फाइल उघडेलच असं नाही; तेव्हा मास्टरच कामी येतो. दुसरा आक्षेप असा, की मोबाइलवरचं चित्रीकरण त्यानं सुधारणार थोडंच? नाहीच सुधारणार, पण आहे ते आणखी फारसं बिघडणार नाही. यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रती मास्टरवरूनच काढाव्यात, आणि मास्टर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावा.