संकेतस्थळावरील सत्र-नोंदींचे व्यवस्थापन : हंगामापूर्वीची आवश्यक स्वच्छता

देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यांच्यासह कृषी विद्यापीठे व शेतकरी उत्पादक कंपन्या यांपैकी अनेक संस्था आता बियाणे व रोपांची मागणी, माती परीक्षणाचे अर्ज आणि प्रशिक्षणाची नोंदणी संकेतस्थळावरून स्वीकारतात. खरीप तोंडावर आला की संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची संख्या एकदम वाढते आणि नेमक्या त्याच वेळी नोंदणी अडते. याचे कारण प्रत्येक वेळी अपुरा सर्व्हर हेच नसते. वर्षभर साचलेल्या, उपयोग संपलेल्या सत्र-नोंदी हेही एक कारण असू शकते आणि ते नियोजनाने टाळता येते.

सत्र-नोंद म्हणजे काय?

ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती सर्व्हरच्या दृष्टीने नवी असते. आधीचे पान पाहणारी व्यक्ती हीच, हे ओळखण्यासाठी संकेतस्थळ ब्राउझरला एक सांकेतिक क्रमांक देते. तो कुकीमध्ये राहतो. त्या क्रमांकासमोर डेटाबेसमध्ये लॉगिनची स्थिती, निवडलेली भाषा, अर्धवट भरलेला अर्ज आणि वैधतेची मुदत नोंदली जाते. हीच सत्र-नोंद होय. शेतमाल खरेदी केंद्रावर मिळणाऱ्या टोकनाशी तिची तुलना करता येईल. माल मोजून झाला की टोकनाचे काम संपते. जपून ठेवायची असते ती पावती.

नोंदी का साचतात?

नोंदीची मुदत संपणे आणि ती डेटाबेसमधून काढली जाणे या दोन भिन्न क्रिया आहेत. जँगो या प्रणालीत सत्राची मूळ मुदत २ आठवडे असते. वापरकर्त्याने लॉगआउट केल्यास नोंद काढली जाते. केवळ पान बंद केल्यास मुदतीनंतरही ती तशीच राहते. अशा नोंदी काढण्यासाठी 'क्लिअरसेशन्स' ही आज्ञा असून ती रोज चालविण्याची व्यवस्था संस्थेनेच करावयाची असते. पीएचपीमध्ये मूळ मुदत १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे. परंतु तेथे सत्रे डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय स्वतंत्रपणे लिहिली असल्यास जुन्या नोंदी काढण्याची क्रियाही लिहावी लागते.

शोधयंत्रांचे स्वयंचलित प्रोग्रॅम सहसा कुकी परत पाठवीत नाहीत. त्यामुळे प्रत्येक भेटीला सत्र उघडणाऱ्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रत्येक विनंतीगणिक नवी नोंद तयार होऊ शकते. उदाहरणादाखल, रोज २,००० नवी सत्रे उघडत असतील, तर वर्षात ७,३०,००० नोंदी होतात. मुदत १४ दिवसांची धरल्यास त्यांपैकी वैध नोंदी केवळ २८,००० असतात. उरलेला केवळ भार.

परिणाम

नोंदी वाढल्या की बॅकअपला अधिक वेळ लागतो आणि डिस्क भरत जाते. डिस्क पूर्ण भरल्यास त्याच डेटाबेसमधील बियाण्यांची मागणीही नोंदली जात नाही. दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. सत्र-नोंदीत मोबाईल क्रमांक किंवा अर्जातील तपशील असू शकतो. उद्देश पूर्ण झाल्यावर वैयक्तिक माहिती पुसून टाकावी, या तत्त्वाला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही स्थान आहे.

मुदत ठरविताना

फार लहान मुदत शेतकऱ्याच्या गैरसोयीची ठरते. नेटवर्क तुटले, सातबारा शोधण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात सत्र संपले, तर अर्ज पुन्हा भरावा लागतो. फार मोठी मुदत सामायिक संगणकावर धोक्याची असते. एकाने लॉगआउट न केल्यास पुढच्या व्यक्तीस त्याचा तपशील दिसू शकतो. म्हणून अर्धवट अर्ज सत्रात न ठेवता मसुदा म्हणून स्वतंत्र जतन करावा आणि सत्राची मुदत बेताची ठेवावी.

शुद्धीकरणाची पद्धत

१. प्रथम बॅकअप घ्यावा आणि मुदत संपलेल्या नोंदींची संख्या मोजावी.

२. मुदतीच्या रकान्यावर इंडेक्स असल्याची खात्री करावी. अन्यथा प्रत्येक वेळी संपूर्ण तक्ता तपासला जातो.

३. साचलेल्या नोंदी एकाच आज्ञेने न काढता काही हजारांच्या टप्प्यांत, कमी वर्दळीच्या वेळी काढाव्यात. मोठ्या आज्ञेमुळे तक्ता दीर्घकाळ अडून राहू शकतो.

४. संपूर्ण तक्ता रिकामा करू नये. तसे केल्यास त्या क्षणी अर्ज भरणारे सर्वजण बाहेर फेकले जातात.

५. त्यानंतर हे काम क्रॉनद्वारे रोज रात्री आपोआप होईल अशी व्यवस्था करावी.

मायएसक्यूएलच्या इनोडीबी तक्त्यातून नोंदी काढल्या तरी फाइलचा आकार लगेच कमी होत नाही. मोकळी झालेली जागा नव्या नोंदींसाठी वापरली जाते. आकार घटविण्यासाठी तक्त्याची पुनर्रचना करावी लागते आणि तिला तात्पुरती जादा जागा लागते. म्हणून डिस्क भरेपर्यंत थांबणे योग्य नव्हे.

काय काढू नये?

मागणी, भरणा व लाभार्थ्यांच्या नोंदी सत्र-नोंदींपासून पूर्णतः वेगळ्या ठेवाव्यात. सर्व्हरच्या लॉगलाही हा नियम लावू नये. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था व कंपन्यांनी संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आवश्यक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

संकेतस्थळाची देखभाल बाह्य संस्थेकडे असली, तरी पुढील तीन प्रश्न हंगामाच्या किमान एक महिना आधी लेखी विचारावेत : सत्राची मुदत किती आहे? मुदत संपलेल्या नोंदी कोणत्या व्यवस्थेने व किती दिवसांनी काढल्या जातात? ती व्यवस्था शेवटची यशस्वीरीत्या केव्हा चालली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह मिळावयास हवे. ते मिळत नसेल, तर शुद्धीकरणाचे काम पेरणीपूर्वीच हाती घ्यावे.