वेस पडली, पण वेटाळ विचारतातच!

आपल्या बुलडाणा गावाचे नाव 'भिलठाणा' या शब्दावरून पडले, असे सांगितले जाते. भिल्लांचे ठाणे म्हणून ओळखली गेलेली ही जागा आज कलेक्टर कचेरी, कोर्ट आणि शाळा-कॉलेजांचे गाव म्हणून ओळखली जाते. जिल्ह्याची हद्द तरी कुठे एके ठिकाणी थांबली? खामगाव आणि जळगाव हे तालुके पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ साली ते बुलडाण्याला जोडले गेले आणि जिल्ह्याचे पाच तालुके झाले. आज त्याच जिल्ह्याचे तेरा तालुके आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक २०१० मध्ये बदलला आणि सहाचा त्रेपन्न झाला. तरी ट्रकवाले अजूनही 'सहा नंबर'च म्हणतात. सांगायचे तात्पर्य, हद्दी सरकतात, कागद बदलतात, पण लोकांच्या जिभेवरचे नाव सावकाश बदलते. महामार्गाच्या बाबतीत त्याने कोणाचे काही बिघडत नाही. वस्तीच्या बाबतीत मात्र बिघडते, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पांढरी, काळी आणि वेस

जुन्या गावाची रचना वाचकांना ठाऊकच आहे. घरे असतात ती पांढरी, शेते असतात ती काळी. पांढरीला वेस, वेशीच्या आत धंद्यावरून किंवा जातीवरून ओळखले जाणारे मोहल्ले: माळीपुरा, तेलीपुरा, भोईपुरा, कुंभारवाडा, मोमीनपुरा. आणि वेशीच्या बाहेर, बहुधा पाण्याच्या उताराकडे, आपला महारवाडा व मांगवाडा. गावात शिरणाऱ्या परक्या माणसालाही कोण कुठे राहतो हे विचारावे लागत नसे. वस्तीचे नाव सांगितले की जात सांगितल्यासारखेच होते. गल्लीचे नाव हीच माणसाची ओळख होती.

ही रचना आपोआप मोडेल यावर बाबासाहेबांचा विश्वास नव्हता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला, तो यासाठीच. गावाच्या दयेवर जगणाऱ्या वाड्यापेक्षा स्वतःची वसाहत बरी, असा त्यामागचा विचार होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातल्या गावोगावी आपल्या माणसांनी कोणत्याही सरकारी हुकुमाची वाट न पाहता वाड्याची नावे बदलली. भीमनगर, मिलिंदनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर, पंचशीलनगर! विहाराच्या भिंतीवर चुन्याने रंगवलेले ते नाव म्हणजे त्या पिढीचा स्वाभिमान होता.

कडेची वस्ती मध्यावर आली

नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत गावे वाढली. वेशी पडल्या किंवा नुसत्या नावाला उरल्या. वेस आणि वाडा यांच्यामध्ये जी काळी होती, ती अकृषक झाली, तिच्यावर ले-आऊट पडले, प्लॉट पाडून विकले गेले. नवे बसस्थानक, नवी कचेरी, बायपास रस्ता या गोष्टी गावाबाहेर बांधल्या गेल्या आणि गावाबाहेर म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्याच वस्तीच्या आसपास. त्यामुळे एक गंमत झाली. जी वस्ती मुद्दाम कडेला ठेवली होती, ती अनेक ठिकाणी गावाच्या मध्यावर आली. ज्या जागेला कोणी विचारत नव्हते, तिच्यासमोर डांबरी सडक झाली आणि तिचा भाव चौरस फुटावर गेला.

दुसरीकडे, आपल्यातला नोकरदार वर्ग वाड्यातून निघाला. शिक्षक, तलाठी, एस. टी.चे वाहक, पोस्टातले, बँकेतले लोक कर्ज काढून ले-आऊटमध्ये घरे बांधू लागले. शेजारी पाटील, पलीकडे देशमुख, समोर माळी समाजाचे गुरुजी, असे मोहल्ले आज बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर या सर्वच गावांत दिसतात. तिथली मुले एकाच नळावर भांडतात, एकाच ऑटोने शाळेत जातात. हा बदल लहान नाही, तो मान्य केला पाहिजे. आपल्या आजीला जी वेस ओलांडताना पदर सावरावा लागत होता, ती तिच्या नातीला दाखवूनही ओळखू येत नाही.

आडनाव चालत नाही, म्हणून वेटाळ

परंतु हद्द पुसली म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. आमच्या परिचयातील एका शिक्षक कुटुंबाची बदली घाटाखालच्या एका गावी झाली. भाड्याची खोली पाहायला पती-पत्नी दोघे गेले. वसाहतीला एका थोर समाजसुधारकाचे नाव, पाटी सुबक, रस्ता स्वच्छ. घरमालकीण बाई मनमोकळ्या बोलल्या, चहाही झाला. आडनाव विचारले, ते निघाले वानखडे. आता वऱ्हाडात वानखडे, इंगळे ही आडनावे आपल्यातही आहेत, कुणब्यांतही आहेत. आडनावावरून काही उलगडेना, तेव्हा बाईंनी विचारले, "तुमचं गावाकडचं घर कोणत्या वेटाळात आहे जी?" गुरुजींनी सरळ उत्तर दिले, "भीमनगरात." त्यावर "यांना विचारून सांगते" असे उत्तर मिळाले आणि ते विचारणे आजपर्यंत पूर्ण झालेले नाही.

विचार करण्याची गोष्ट अशी की, 'भीमनगर' हे नाव आपण महारवाड्याचा कलंक पुसण्यासाठी घेतले होते. घरमालकिणीच्या कानाला मात्र त्यातून जुनेच उत्तर ऐकू आले. म्हणजे नावात दोष नव्हता. त्या नावाच्या वस्तीत फक्त एकाच समाजाचे लोक राहतात, हे साऱ्या गावाला माहीत होते. वस्तीचे नाव आपला अर्थ शब्दकोशातून घेत नाही, तिथे कोणाला राहू दिले जाते यावरून घेते.

हे केवळ आपल्याच जिल्ह्यात घडते असेही नाही. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घर मागणारा दलित किंवा मुसलमान आहे असे कळताच नकार वाढतो, हे त्यात दिसून आले. साता समुद्रापलीकडे अमेरिकेतही हेच झाले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम नावाचा भाग आहे. हे नाव डच लोकांनी हॉलंडमधल्या आपल्या गावावरून दिलेले. नाव तेच राहिले, पण विसाव्या शतकात तिथे काळ्या लोकांची वस्ती वाढली आणि 'हार्लेम' म्हटले की जगाला काळ्यांची वस्ती आठवू लागली. पुढे १९३० नंतर तिथल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्यांच्या मोहल्ल्यांना लाल रंग दिला. त्या रंगामुळे तिथे घरकर्ज मिळेनासे झाले. घर देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९६८ साली झाला. नाव बदलून तिथेही भागले नाही, कायदा करावा लागला.

पाटी बदलली, पुढे काय?

मग नाव बदलूच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नावाची किंमत आपल्या समाजाइतकी कोणी मोजलेली नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात किती घरे जळली, किती जीव गेले, हे कोणी विसरू शकेल काय? नाव म्हणजे माणुसकीचा हक्क होता.

महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्यात महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा यांच्याबरोबर ब्राह्मणवाडा आणि माळीगल्लीचाही उल्लेख होता. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णय चांगला आहे. परंतु गावात जर आपल्याच वाड्याचे भीमनगर झाले आणि बाकीच्या गल्ल्या होत्या तशाच राहिल्या, तर फक्त पाटी बदलेल, ओळखण्याची रीत बदलणार नाही. समतानगर नाव द्यायचे तर ते मिश्र वस्तीच्या नव्या ले-आऊटलाही द्यावे. फुले, शाहू, आंबेडकर ही नावे एकाच कोपऱ्यात बसवायची नावे नाहीत.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून कागदाच्या चार गोष्टी सांगणे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट, वस्तीचे नाव बदलल्यावर ग्रामसभेच्या किंवा नगर परिषदेच्या ठरावाची नक्कल घरात जपून ठेवा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो सापडतो कोतवाल बुकात, जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात, जुन्या कर पावतीत. तिथे वस्तीचे नाव असेल तर ते जुनेच असणार. जुनी वस्ती आणि नवी वस्ती एकच, हे दाखवणारा कागद नसेल तर मुलामुलींना हेलपाटे पडतात.

दुसरी गोष्ट, जागा. वस्ती मध्यावर आली तसे गिऱ्हाईक दारात येऊ लागले. आखीव पत्रिका किंवा नमुना आठ कोणाच्या नावे आहे, वारसांची नोंद झाली आहे काय, हे आधी पाहा. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचे नाव लावून घ्या. आजोबांनी वेशीबाहेर म्हणून सोसलेली जागा नातवाने भाव न विचारता विकू नये.

तिसरी गोष्ट, प्रभाग. निवडणुकीच्या वेळी प्रभागांच्या हद्दी पुन्हा आखल्या जातात. कधी नाल्यावरून, कधी रस्त्यावरून रेघ ओढली जाते आणि एकच वस्ती दोन प्रभागांत विभागली जाते. प्रारूप रचना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत नकाशा पाहणारे चार तरुण प्रत्येक वस्तीत असावेत.

चौथी गोष्ट मात्र कागदाची नाही. ले-आऊटमध्ये राहायला गेलेल्या आपल्या बंधू-भगिनींना कोणी वेटाळ विचारले तर त्यांनी गावाचे आणि वस्तीचे नाव मोकळेपणाने सांगावे, जसे त्या गुरुजींनी सांगितले. आणि आपलेही घर भाड्याने द्यायची वेळ येते, तेव्हा मातंग, चर्मकार, भटक्या समाजाचा किंवा मुसलमान भाडेकरू दारात आला तर तोच प्रश्न आपल्या तोंडून निघू नये. आपल्या वस्त्यांत दुसऱ्या समाजाची किती घरे आहेत, हे येत्या पौर्णिमेला विहारात बसून मोजा. त्या गुरुजींना पुढे ज्या घरी खोली मिळाली, ते घर एका मुसलमान पेंटरचे आहे. त्याने भाडे आणि विजेचे बिल यापलीकडे काही विचारले नाही.