मनगटावरचं वेखंड, सहाणेवरचं वेखंड

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. स्तनपान सप्ताहात (१ ते ७ ऑगस्ट) हे सगळीकडे सांगून झालं. तरी बीड जिल्ह्यातल्या माजलगावकडच्या अनेक घरांत बाळंतिणीच्या उशाशी सहाण असते आणि घुटीच्या पुडीत हिरडा, मुरुडशेंग, जायफळ यांच्याबरोबर वेखंडाची गाठाळ मुळी असतेच.

वेखंड पाणथळीतलं. पानं तलवारीसारखी, वास उग्र. मराठवाड्याच्या कोरड्या रानात ते मिळायचं नाही. येतं ते वाळून, दुकानातून. पाचवीला सटवाई पुजताना त्याचा तुकडा दोऱ्यात ओवून बाळाच्या मनगटाला बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. पोट दुखलं की पोटावर लेप, न्हाऊ घातल्यावर टाळूवर चिमूटभर पूड. आणि बाळ किरकिरं असेल, झोपत नसेल, तर घुटीत दोन वेढे जास्त.

हे शेवटचे दोन वेढेच काळजीचे आहेत.

वेखंडाला मोठं शास्त्र आहे, हे खरं. संस्कृतात ती वचा. बाळाची वाचा फुटावी म्हणून ती चाटवायची. चरकाने तिला संज्ञास्थापन गणात, म्हणजे शुद्धीवर आणणाऱ्या औषधांत बसवलं. उन्माद-अपस्मारातही वैद्य ती देत आले. पण गोमूत्रात आणि काढ्यांत शिजवून, शुद्ध करून. मोठ्या माणसाची मात्राही मिलिग्रॅममध्ये मोजायची. एक-दोन ग्रॅम गेली तर ती वांतीचं औषध होते. सहाणेवर ना शुद्धी होते, ना मोजमाप.

त्यात भारतीय वेखंडात बीटा-असारोन हा घातक घटक भरपूर. जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी आढळल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. उंदरांना दिलेली मात्रा घुटीपेक्षा कितीतरी मोठी होती, हे मान्य. पण काही दिवसांच्या बाळासाठी सुरक्षित मात्रा कुठली, हे सहाण सांगत नाही.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात, तान्ही लेकरंही फडावर जातात. पहाटे उसात उतरणाऱ्या आईला बाळ शांत झोपावंसं वाटणारच. तिला रागावून उपयोग नाही. गावातल्या आशा सेविकांनी घुटी बंद करा एवढंच न सांगता पाचवीचा दोरा राहू द्यावा, मुळी सहाणेवरून उचलायला लावावी. दोरा बांधायचा तो मनगटाला, गळ्यात नाही. आणि बाळ मूठ तोंडात घालू लागलं की तोही सोडायचा.